पेज पोटात जाते, तरी वजन का उतरते?

प्रश्न : माझे सासरे 61 वर्षांचे आहेत. गालाच्या आतील कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर त्यांना सहा आठवड्यांचे रेडिएशन सुरू असून तिसरा आठवडा नुकताच संपला. तोंड आतून सोलवटले आहे, चव गेली आहे. आम्ही दिवसभर तांदळाची पेज आणि शहाळ्याचे पाणी देतो, तरी वजन 54 किलोवरून 50 वर आले. डॉक्टर नाकातून नळी घालू या म्हणतात. मामंजी मात्र नळी म्हणजे शेवटच, असे समजून नकार देतात. साखर आणि मासे बंद करा, असेही लोक सांगतात. आम्ही काय करावे?
– एक वाचक, दापोली तालुका

उत्तर : तीन आठवड्यांत 4 किलो, म्हणजे मूळ वजनाच्या 7 टक्क्यांहून अधिक घट झाली आहे, आणि तोंडाचा दाह सहसा उपचाराच्या अखेरीस सर्वांत जास्त असतो, त्यामुळे पुढचे आठवडे याहून कठीण जातील असे धरून चालावे. चेहरा उतरला की उपचाराच्या वेळी बसवायचा मुखवटा सैल होतो आणि किरणांचा नेम पुन्हा आखावा लागू शकतो. अशक्तपणामुळे मध्येच खाडे पडले, तर उरलेल्या कर्कपेशींना वाढायला सवड मिळते. म्हणून वजन राखणे हा उपचाराचाच भाग आहे.

54 किलोच्या हिशेबाने त्यांना रोज सुमारे 1600 कॅलरी आणि 65 ते 80 ग्रॅम प्रथिने लागतात. पेलाभर शहाळ्याच्या पाण्यात जेमतेम 50 कॅलरी असतात आणि पातळ पेजेत मुख्यतः पाणीच असते. पोट भरल्यासारखे वाटते, पण अंगी काही लागत नाही. पेज सोडू नका, तिच्यात भर घाला. गुरगुट्या भात दुधात घोटून त्यात तूप किंवा नारळाचे घट्ट दूध घालावे, आणि शिजत असतानाच त्यात फेटलेले अंडे घालून ते पूर्ण शिजू द्यावे. एका अंड्यातून सुमारे 6 ग्रॅम प्रथिने मिळतात. साय काढलेल्या दुधाची 30 ग्रॅम पावडर खिरीत किंवा नाचणीच्या सत्त्वात मिसळली, तर आणखी 10 ग्रॅमची भर पडते. कुळथाची पिठी मिरचीवाचून करता येते. मासे तर अवश्य द्यावेत, फक्त ते उकडून, काटे बारकाईने काढून आणि मिक्सरमधून फिरवून. सोलकढी, लिंबू, तिखट आणि तळलेले सध्या नको, कारण सोललेल्या तोंडाला ते झोंबते. तीन मोठ्या जेवणांऐवजी दर दोन तासांनी वाटीभर, कोमट किंवा गार द्यावे, आणि डॉक्टरांनी दिलेले वेदनाशामक जेवणाआधी अर्धा तास घ्यावे की कसे, हे त्यांना विचारावे.

साखर तोडल्याने गाठ उपाशी मरत नाही. माणूस मात्र खंगतो. मधुमेह असेल तर ती गोष्ट निराळी, ते प्रमाण डॉक्टरांशी बोलून ठरवावे. मिश्री किंवा तंबाखू चालू असेल, तर ती मात्र आजच थांबायला हवी.

आता नळीविषयी. मामंजींना स्पष्ट सांगा की ही नळी तात्पुरती आहे आणि तोंड बरे होऊन पुरेसे खाता येऊ लागले की ती काढतात. नळीची गरज महिन्याहून अधिक काळ राहील असे दिसल्यास पोटातून नळी बसवण्याचा विचार होतो. ‘थोडे दिवस बघू’ म्हणत वजन आणखी उतरू देणे मला धोक्याचे वाटते. नळीतून द्यायचे अन्न गाळून, रुग्णालयातील आहारतज्ज्ञांनी ठरवलेल्या मापाने द्यावे; देताना आणि नंतर निदान अर्धा तास रुग्णाला बसते ठेवावे, आणि प्रत्येक वेळी शेवटी पाणी सोडून नळी धुवावी. आपल्याकडच्या दमट हवेत घरी केलेले अन्न दोन तासांहून अधिक बाहेर राहू देऊ नये. नळी असली तरी डॉक्टरांची परवानगी असेल तोवर तोंडाने घोट घोट घेणे आणि गिळण्याचे व जबडा उघडण्याचे व्यायाम चालू ठेवावेत, नाहीतर ते स्नायू आखडतात.

गिळताना ठसका लागत असेल, ताप आला असेल किंवा लघवी कमी होत असेल, तर पुढच्या तपासणीची वाट न पाहता त्याच दिवशी कळवा. आठवड्यातून दोनदा, एकाच काट्यावर वजन करून ते वहीत लिहा आणि ती वही प्रत्येक भेटीत दाखवा. रेडिएशन संपल्यावरही तोंड भरून यायला साधारण दोन ते चार आठवडे, कधी त्याहून अधिक काळ लागतो. तोवर हाच आहार चालू ठेवावा.