पहाटेचा गारठा आणि सायकल : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : परभणीत घरोघर पेपर टाकतो. पहाटे साडेचारला सायकल काढतो. अंगात सुती बनियन, शर्ट, जाड स्वेटर, गळ्यात मफलर. तरी छाती गारठते, पाठ घामानं भिजते आणि बोटं इतकी बधिर होतात की गठ्ठ्यातून एक पेपर सुटा करता येत नाही. आणखी एक स्वेटर चढवू का?

उत्तर : नको. ऊब तुमच्याकडे पुरेशी आहे, वारा अडवणारं मात्र काही नाही. विणलेल्या लोकरीच्या टाक्यांतून वारा सरळ आत शिरतो. झाडाचं पान हलत नसलं तरी ताशी १५ किलोमीटरनं जाणाऱ्याला तेवढा वारा समोरून लागतोच. ८ अंशांचा गारठा मग उघड्या कातडीला साडेपाच अंशांसारखा झोंबतो.

म्हणून जाड स्वेटर काढून पातळ घाला आणि त्यावर साधं विंडचीटर चढवा. पावसाळी प्लास्टिकचा कोट नको, त्यात घाम कोंडतो. विंडचीटर मिळेपर्यंत कालच्या पेपरची दोन-तीन पानं स्वेटरच्या आत, गळ्यापासून बेंबीपर्यंत नीट पसरून ठेवा. तूर द फ्रान्स या फ्रान्समधल्या मोठ्या सायकल शर्यतीतले सायकलपटूही घाट उतरण्याआधी छातीवर वर्तमानपत्र खोचत आले आहेत. पाठीवर कागद नको, तिथून वाफ बाहेर पडू द्या. पानं ओलसर लागली की बदला.

सुती बनियन हे दुखण्याचं दुसरं मूळ. सूत घाम धरून ठेवतं, आणि तो वाळताना अंगातलीच ऊब घेऊन जातो. त्याऐवजी अंगाला बसणारा पॉलिस्टरचा खेळाचा टी-शर्ट घाला. घरातून निघताना थोडी थंडी वाजलीच पाहिजे. दारातच उबदार वाटलं, तर दहा मिनिटांत घाम फुटणार हे नक्की.

बोटांचं मूळही छातीतच आहे. धड गारठलं की शरीर हातापायांचं रक्त आवरतं घेतं. छाती सांभाळलीत की निम्मं काम झालं. उरलेल्यासाठी आत पातळ लोकरी हातमोजे घाला, त्यांची अंगठा आणि तर्जनीची टोकं कापून टाका. वरून एक माप मोठे, वारा न शिरणारे मोजे घाला. पेपर काढताना फक्त वरचा मोजा उतरवायचा. घट्ट मोजे घेऊ नका, रक्त अडलं की बोटं आणखी गार पडतात. ब्रेकच्या लोखंडी दांड्यावर जुन्या ट्यूबचा तुकडा चढवा, गार धातू हाताला लागणार नाही. मफलरची टोकं मात्र स्वेटरमध्ये खोचाच, लोंबती टोकं चाकात गेली तर गळ्याला फास बसतो.

सगळ्यात जास्त थंडी सूर्योदयाच्या सुमारास असते, साडेचारला नाही. उजाडलं म्हणून लगेच कपडे उतरवू नका.

प्रश्न : आम्ही काही जण रविवारी छत्रपती संभाजीनगरहून दौलताबादचा घाट चढून खुलताबाद, पुढे वेरूळला जातो. चढताना घामाघूम, उतरताना हुडहुडी. गुडघेही धरतात.

उत्तर : चढ लागण्याआधीच विंडचीटरची चेन उघडा किंवा ते काढून पाठीच्या खिशात कोंबा. घाम फुटल्यावर काढून उपयोग नाही. वर पोचल्यावर गप्पा मारायच्या आधी ते पुन्हा अंगात घाला आणि चेन गळ्यापर्यंत ओढा. उतारावर वेग ताशी ४० च्या आसपास जातो आणि पाय थांबलेले असतात, म्हणजे वारा कितीतरी जास्त आणि अंगातली ऊब बंद. हलके पायडल मारत राहा. हुडहुडी भरली तर हँडल थरथरतं, तेव्हा वळणाआधी थांबा.

गुडघ्यावर मांस नाही, वारा थेट सांध्याला लागतो. लेग वॉर्मर (पायात चढवायची लांब, सुटी बाही) किंवा घोट्याशी आवळलेली ट्रॅक पँट घाला. ढगळ पँट सायकलच्या चेनमध्ये अडकते. जाळीच्या बुटांत बोटं गारठत असतील तर मोज्याच्या पुढच्या भागावर प्लास्टिकची पिशवी चढवून बूट घाला. अरुंद बुटात मोज्यांचे दोन जोड घातले तर बोटं आवळून जास्तच बधिर होतात. हेल्मेटखाली माकडटोपी नको, हेल्मेट नीट बसत नाही. कान झाकणारी पातळ पट्टी पुरते. दुपारी इथंच चांगलंच ऊन लागतं, तेव्हा खिशात मावणार नाही असं काही अंगावर घेऊ नका.

प्रश्न : लातूर. वय ६२, जुना दमा. सकाळी सायकल चालवली की छाती आवळते.

उत्तर : गार, कोरडी हवा दमेकऱ्याच्या श्वासनलिका आवळते. आधी डॉक्टरांना दाखवा. त्यांनी दिलेला औषधाचा पंप (इनहेलर) सायकलच्या पिशवीत नको, शर्टच्या खिशात ठेवा. नाकातोंडावर सुती रुमालाचे दोन पदर सैल बांधा, म्हणजे आत जाणारी हवा थोडी ऊबदार आणि दमट होते. पहिली दहा-पंधरा मिनिटं अगदी सावकाश चालवा. जमल्यास ऊन वर आल्यावरच निघा. छाती आवळली तर तिथंच उतरा, पंप घ्या. बरं वाटलं तरी घरी सायकल हातात धरून चालत जा, आणि आराम पडला नाही तर थेट दवाखाना गाठा.