हायकूतला बेडूक आणि आपला पावसाळा

प्रश्न : मी कोथरूडला जपानीच्या क्लासला जाते. सरांनी बाशो या जपानी कवीचा १६८६ सालचा तो हायकू, म्हणजे तीन ओळींची छोटी कविता, दिला, जुनं तळं, बेडूक उडी मारतो, पाण्याचा आवाज, एवढंच. मी लिहिलं पावसाळा सुरू झालाय, तर म्हणे चूक, मैत्रिणीनं मृत्यू लिहिलं तेही चूक. मग बरोबर अर्थ कुठला?

उत्तर : अगं, तुझा फक्त ऋतू चुकला. आपल्याकडे पहिला पाऊस पडला की डबक्यात डराव डराव सुरू, त्यामुळे पुण्यातल्या पोरांना बेडूक म्हटलं की जूनच दिसणार, पण जपानी कवितेत बेडूक हा वसंताचा शब्द, अशा ऋतू सुचवणाऱ्या शब्दाला किगो म्हणतात, आणि हे कळलं की तळं थंडी सरून नुकतं जागं झाल्यासारखं वाटतं. मृत्यू मात्र त्या ओळींत कुठेच नाही, तो बाहेरून आणलाय. आधी आहे ते नीट बघा ना! 'फुरुइके या', म्हणजे 'जुनं तळं', ही मूळ पहिली ओळ, तिच्यातला 'या' हा थांबा दाखवणारा शब्द, त्यावर थांबायचं, तळं डोळ्यासमोर येऊ द्यायचं, मग उडी. आणि जुन्या जपानी कवितेत बेडूक यायचा तो त्याच्या आवाजासाठी, इथे तो गप्प आहे, आवाज पाण्याचाय, मला तर हेच फार आवडतं. बेडूक एक की चार, तेही जपानी शब्दावरून ठरत नाही, म्हणजे तिथे तुला मोकळीक आहेच. मराठीत शिरीष पै यांचे हायकू वाच, आणि एखाद्या सकाळी पाषाण तलावावर दहा मिनिटं गप्प बस, काहीतरी पाण्यात पडेलच, ते ऐकून मग परत वाच.