ओतीव मूर्ती, तरी हस्तनिर्मित कशी?

प्रश्न : दिल्लीच्या भारत मंडपमसमोरची २७ फुटी नटराजमूर्ती ‘हस्तनिर्मित’ असल्याचे वाचले. साच्यात धातू ओतून केलेल्या मूर्तीला हस्तनिर्मित म्हणावे का? आणि विश्वाच्या घडामोडींशी तिचे नाते जोडतात, ते मूळचेच आहे का?
– एक वाचक, सांगली

उत्तर : शंका रास्त आहे, कारण ‘साचा’ म्हटले की एकामागून एक शेकडो गणपती काढणारा कारखान्यातला साचा आपल्या डोळ्यांसमोर येतो. तमिळनाडूतील स्वामिमलैचे राधाकृष्णन स्थपती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२३च्या जी-२० परिषदेच्या निमित्ताने ज्या पद्धतीने ही सुमारे १८ टनांची अष्टधातूची मूर्ती घडवली, तिच्यात मात्र मूर्ती बाहेर काढण्यासाठी साचा फोडावाच लागतो. त्याआधी सगळी मूर्ती मेण आणि राळ यांच्या मिश्रणात, बोटांच्या पेरांपासून पैंजणांपर्यंत, हातांनीच घडते. स्वामिमलैचे कारागीर अंगप्रत्यंगांची मापे घ्यायला आजही नारळाच्या झावळीची पट्टी दुमडून वापरतात. मेणमूर्तीवर पहिला थर कावेरीकाठच्या गाळाचा देतात. ही माती इतकी मऊ असते की दागिन्यावरची बारीक रेघही तिच्यात उमटते. वर जाड मातीचे थर चढवून साचा तापवला की मेण वितळून वाहून जाते आणि त्या पोकळीत धातूचा रस ओततात. घारापुरीच्या लेण्यात दगडातून नृत्यमग्न शिव घडवणाऱ्याला चुकून उडालेली कपची परत जोडता येत नव्हती. इथे मेण पुन्हा लावता येते, पण एकदा रस ओतला की नशिबावर हवाला! साचा फोडल्यावर छिन्नी आणि कानस घेऊन चालणारे कामही दीर्घ आणि चिकाटीचे असते.

विश्वाशी नाते मूळचेच आहे, पण भौतिकशास्त्राशी नव्हे. जिनिव्हाजवळच्या ‘सर्न’ या संशोधन केंद्रात भारत सरकारने २००४ मध्ये भेट दिलेला दोन मीटर उंचीचा नटराज आहे; त्याच्या नृत्याची सूक्ष्म कणांच्या हालचालींशी घातलेली सांगड मोहक असली, तरी ती विसाव्या शतकातली आहे. शैव परंपरेत हे नृत्य म्हणजे शिवाची पंचकृत्ये : डमरूतून सृष्टी, अभय देणाऱ्या हातातून स्थिती, अग्नीतून संहार, अपस्मार या बुटक्या असुरावर रोवलेल्या पायातून तिरोभाव म्हणजे सत्य झाकणे, आणि उचललेल्या डाव्या पायातून अनुग्रह. पुढचा डावा हात सोंडेसारखा आडवा येऊन याच पायाकडे बोट दाखवतो. मूर्तीसमोर गेलात, तर आधी तो पाहावा.