बाईंना विचारा : खाडीवर जातो म्हणून मार्क गेले का?

प्रश्न : बाई नमस्कार. आम्ही ऐरोलीला राहतो, मुलगा सातवीत आहे, सेमी इंग्लिशला. सकाळी शाळा, दुपारी तीन ते साडेपाच क्लास. रविवारी मात्र तो शेजारच्या काकांबरोबर दिवा कोळीवाड्याच्या जेट्टीवर जातो, काकांची स्वतःची होडी आहे, तिथे जाळं सोडव, चिंबोऱ्या मोज असलं काहीबाही करतो आणि घरी आला की तासभर तेच पुराण. आता घटक चाचणीत भूगोलात 20 पैकी 9 पडले, आणि तेही भरती-ओहोटीच्या धड्यावर! ह्यांचं म्हणणं, खाडी बंद, रविवारचाही क्लास लावू. मला पटत नाहीये पण उलट बोलायला मुद्दाही सापडत नाही.
– एक आई, ऐरोली

ताई, आधी तो पेपर हातात घ्या आणि त्याने लिहिलंय काय ते वाचा. नुसते 9 बघू नका. माझा अंदाज सांगते, ‘पौर्णिमेला पाणी जास्त चढतं’ असं लिहून पठ्ठ्या थांबला असणार. उत्तर खरंय, पण विचारलं होतं कारण. त्याला ही रोजचीच गोष्ट वाटते, त्यामुळे कारणही लिहायचं असतं हेच त्याच्या गावी नाही, आणि हा दोष खाडीचा नाही.

आता माझी फजिती ऐका. मी 31 वर्षं ठाण्यात भूगोल शिकवला, दरवर्षी फळ्यावर सूर्य, चंद्र, पृथ्वी काढायची, उधाणाची (मोठी) भरती, भांगाची (लहान) भरती, रंगीत खडूने बाण वगैरे एकदम झकास, पण शाळेपासून चालत जाण्याएवढ्या अंतरावर खाडी असून एकदाही तिथे जाऊन पाणी चढताना बघितलं नव्हतं. एका वर्षी चेंदणी कोळीवाड्यातला एक मुलगा, एरवी शेवटच्या बाकावर पेंगणारा, मधेच म्हणाला, बाई आज चतुर्थी, तीनला भरती. म्हटलं तुला कसं कळलं? तर म्हणे, तिथीची पाऊणपट करायची, चारची पाऊणपट तीन. वर्ग हसला, मी पण हसले (अजून लाज वाटते). शाळा सुटल्यावर मुद्दाम बंदरावर गेले तर पाणी नुकतंच उतरायला लागलेलं, धक्क्याच्या दगडावर हातभर ओल दिसत होती. ठाणं खाडीच्या पार आत, त्यामुळे समुद्रापेक्षा थोडं उशिरा, पण हिशोब पोराचाच बरोबर.

आणि त्या हिशोबाला अर्थ आहे बरं का. भरतीची वेळ रोज साधारण 50 मिनिटांनी पुढे सरकते, कारण पृथ्वी स्वतःभोवती एक फेरी मारेपर्यंत चंद्रही पुढे गेलेला असतो. कोळ्यांनी ते रोज पाऊण तास असं धरलं, तोंडी हिशोबाला सोपं. अमावस्या-पौर्णिमेला मुंबईच्या बाजूला भरती बाराच्या आसपास, अष्टमीला सहाच्या आसपास, तिथीची पाऊणपट करून बघा, जमतंय की नाही.

पण काकांकडून तुमच्या मुलाला भरती ‘कधी’ ते कळतं, ‘का’ ते कळत नाही. अष्टमीला पाणी कमी का चढतं? तर तेव्हा सूर्य आणि चंद्र पृथ्वीशी काटकोनात ओढत असतात, एकाची ओढ दुसऱ्याच्या कामी येत नाही. हे त्याला पुस्तकाशिवाय कळणार नाही, म्हणून शाळेला नावं ठेवू नका. ‘मार्कांनी काय होतं’ हे वाक्य तर यजमानांसमोर अजिबात नको, मार्कांनी बरंच होतं आणि ते त्यांनाही माहितीये.

त्याला एक वही द्या. शनिवारी कॅलेंडरवर तिथी बघायची, पाऊणपट काढून भरतीची वेळ लिहायची, रविवारी खरी वेळ किती आणि जेट्टीच्या किती पायऱ्या बुडाल्या ते लिहायचं. दोन रविवारांत सात दिवसांचं अंतर असतं त्यामुळे एका रविवारी उधाणाच्या जवळ असला तर पुढच्या रविवारी भांगाच्या जवळ, पायऱ्यांचा फरक त्याला स्वतःलाच दिसेल. चार रविवार झाले की शेजारच्या पानावर आकृती काढून ‘कारणे लिहा’ सोडवून घ्या, अर्धा तास, घड्याळ लावून. आणि मग ती वही ह्यांना दाखवा, तुमचा मुद्दा तिथे असेल.

फक्त तो घरी आल्या आल्या, पाय धुवायच्या आधी, ‘आज काय शिकलास’ म्हणून मागे लागू नका हं, खाडीचा पण क्लास व्हायचा. आणि पावसाळ्यात होडीत बसणं नाही, एरवी लाइफ जॅकेटशिवाय नाही, इथे मी कडक आहे.

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना दहा दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायला पाठवा असं सुचवलंय. तुमचं पोरगं न सांगता ते करतंय. शिवाय जेट्टीच्या जवळच फ्लेमिंगोंचं केंद्र आहे, ठाणे खाडीचा तो पट्टा 2015 मध्ये अभयारण्य झाला आणि 2022 मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेला. ओहोटीला चिखल उघडा पडला की पक्षी तिथे चरायला उतरतात, बोटीची फेरी मात्र भरतीच्या वेळेवर ठरते. एकदा बाबांनाच घेऊन जा. तिकिटाची वेळ मुलाला काढायला सांगा.

प्रश्न : मी नववीत आहे, कळव्याला राहते. घर एका खोलीचं, टीव्ही चालूच असतो. लायब्ररीत जाते तर कादंबऱ्याच वाचत बसते, मग गिल्टी वाटतं. दहावी आली ना आता?
– नववीतली एक

अगं गिल्टी कसलं! मराठीच्या पेपरात न वाचलेला उतारा येतो, उपयोजित लेखन येतं, तिथे गाईडवाल्या पोरी अडतात आणि वाचणाऱ्या सुटतात. कळव्याहून ठाणं एकच स्टेशन, तिथलं मराठी ग्रंथ संग्रहालय 1893 पासून आहे, तुझ्या पणजोबांच्याही आधीपासून. जाताना पुस्तक आणि गणिताची वही दोन्ही ने, आधी दहा गणितं मग एक प्रकरण, उलटं केलंस तर गणितं राहतात, हा स्वानुभव आहे.

प्रश्न : माझं शिक्षण सातवी. नात दुसरीत, इंग्रजी माध्यमात. सूनबाई म्हणते तुम्ही तिला घ्या जरा अभ्यासाला. मी काय शिकवणार?
– एक आजोबा, वाशी

आजोबा, तुम्हाला पावकी, निमकी, पाऊणकी (पाव, अर्ध्या, पाऊणचे पाढे) येत असेल ना? तुमच्या वेळेला गुरुजींनी छडी घेऊन पाठ करून घेतली असेल. इंग्रजी माध्यमातल्या मुलांना थ्री फोर्थ शिकवायला कागदी पिझ्झे कापावे लागतात. तुम्ही तिला भाजीला घेऊन जा, पाव किलो, पाऊण किलो काट्यावर दाखवा, साठ रुपये किलोची भेंडी पाऊण किलो केवढ्याला ते तिला विचारा आणि उत्तर येईपर्यंत भाजीवाल्याला थांबवून ठेवा. आणि वरचं ऐरोलीच्या ताईंचं पत्र वाचलंत ना, तिथे पाऊणकी लागतेच आहे.