सही दिवाळीतली की पाडव्याची?

माजलगावचे एक वाचक लिहितात: फायनान्स कंपनीच्या वैयक्तिक कर्जाचे शेवटचे तीन हप्ते, डिसेंबर 2019 ते फेब्रुवारी 2020, थकले. आता वसुलीवाले दारात येतात, सासुरवाडीलाही फोन करतात. सिबिलमुळे ट्रॅक्टरचं कर्ज अडलंय. ‘तीन वर्षं उलटली, आता देणं लागत नाही ना?’ बीड, परभणी, जालन्याकडून हा प्रश्न सारखा येतो.

तुमच्या पत्रातल्या एका ओळीवर सगळं अवलंबून आहे: ‘एजंटाने कागदावर सही घेतली, दोन हजार फोनपेवर भरले. 2024 ची दिवाळी होती की पुढचा गुढीपाडवा, आठवत नाही.’ प्रत नाही, फोटो नाही. मोबाइल खिशातच होता ना?

वसुलीसाठी कंपनीने कोर्टात दावा लावायची मुदत तीन वर्षांचीच, पण कोविडमुळे सर्वोच्च न्यायालयाने 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मोजणीतून वगळला. त्यामुळे तुमच्या हप्त्यांची मुदत 2022-23 मध्ये नव्हे, नोव्हेंबर 2024 ते फेब्रुवारी 2025 दरम्यान संपते. सही दिवाळीतली असेल आणि कागदात बाकी कबूल केली असेल, तर मुदत कायद्याच्या कलम 18 नुसार त्या दिवसापासून नवी तीन वर्षं धरली जातात. पाडव्याची असेल तर नुसत्या कबुलीने संपलेली मुदत परत येत नाही. मात्र ‘पैसे देईन’ असं स्पष्ट लिहून दिलं असेल, तर करार कायद्याचं कलम 25(3) आडवं येतं: मुदत संपलेल्या कर्जाचंही सही केलेलं लेखी वचन पाळावं लागतं. फोनपेत तारीख आजच बघा. कंपनीकडे कागदाची प्रत लेखी मागा, पण त्या अर्जात बाकी मान्य असल्याचा शब्दही नको.

मुदत संपली म्हणून सिबिलची नोंद पुसली जात नाही. ट्रॅक्टर हवा असेल तर बहुधा पैसे भरावेच लागतील. भराल तर एकरकमी, दोन-दोन हजार नकोत. कमी रकमेत मिटवलंत तर ‘सेटल्ड’ शेरा पडतो आणि बँका त्यावर नाक मुरडतात. खातं ‘क्लोज्ड’ दाखवू, असं पत्र आधी हातात घ्या. भरल्यावरही नोंद बदलली नाही तर तक्रार करा. 30 दिवसांत निकाली निघाली नाही तर पुढे दिवसाला 100 रुपये भरपाई मिळते.

सकाळी 8 च्या आधी, संध्याकाळी 7 नंतर वसुलीचे फोन चालत नाहीत. नातेवाइकांना त्रास देणंही नाही. कंपनीला लेखी कळवा, 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. फी लागत नाही.

कोर्टाचं समन्स आलं तर तारीख चुकवू नका. आपल्याकडे दिवाणी दावे वर्षानुवर्षं रेंगाळतात, पण गैरहजर माणसावर एकतर्फी हुकूमनामा व्हायला तेवढा वेळ लागत नाही.