ताई, आधी एवढंच पक्कं करा

ताई, अंगणवाडीवर नवीन आहात तर घाबरू नका, पहिल्या महिन्यात लेकरांचं हात धुणं तेवढं पक्कं करा, बाकीचं नंतर बघू. आपल्याकडं उन्हाळ्यात टँकरचं पाणी, म्हणून सगळी लेकरं एकाच बादलीत हात बुचकळायलेत, हीच सगळ्यात मोठी चूक बघा, एकाची घाण सगळ्यांच्या हाताला लागते अन् मग जुलाब. तांब्यानं वरून बारीक धार सोडा, साबण लावून २० सेकंद चोळेपर्यंत धार बंद, पाणी लई लागत नाही.

- शी करून आल्यावर अन् खिचडीच्या आधी, साबणानंच
- अंगठा अन् नखं हमखास राहतात, नखात काळं दिसलं की कापा
- धुतलेले हात पदराला पुसू नका

मातीच्या हाताला सॅनिटायझर नीट लागू पडत नाही बरं का.