वाचकांचे प्रश्न: जुन्या पीसीवर लिनक्स चालवून बघू का?

प्रश्न: घरचा डेस्कटॉप दहाएक वर्षं जुना आहे, आय-थ्री चौथी जनरेशन, ४ जीबी रॅम. विंडोज ११ यावर चालत नाही म्हणतात आणि दुकानदार नवीन घ्या म्हणतोय. मुलीचा अभ्यास, नेट, सोसायटीची मराठी पत्रं आणि थोडं टॅली एवढंच काम आहे. विंडोजऐवजी लिनक्स ही फुकट ऑपरेटिंग सिस्टीम टाकली तर फोटो वगैरे उडतील का?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर: ताई, लगेच नवीन मशीन घेऊ नका. विंडोज १० चा फ्री सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला हे खरं आणि ११ ला इंटेलचा साधारण आठव्या जनरेशनचा प्रोसेसर नि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते त्यामुळे तुमचा पीसी त्यात बसत नाही, पण म्हणून तो भंगारात काढायचा असं अजिबात नाही.

तुम्ही लिनक्स मिंट या लिनक्सच्या सोप्या प्रकाराची एक्सएफसीई ही हलकी आवृत्ती घ्या, ४ जीबीत हीच बरी पडते. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणारेत आणि पैसे शून्य. आणि मुख्य म्हणजे आत्ता इन्स्टॉल करूच नका! मिंटच्या साइटवरून आयएसओ फाइल (म्हणजे अख्खी सिस्टीम एका फाइलमध्ये) उतरवा, रुफस नावाच्या फुकट प्रोग्रॅमने ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर टाका (त्यावरचं सगळं पुसलं जातं, रिकामा घ्या), मग पीसी चालू करताना बूट मेन्यूची (पीसी कशावरून सुरू करायचा ते निवडायची यादी) की दाबून, बऱ्याच मशीनवर एफ१२ किंवा एफ९ असते, पेनड्राइव्ह निवडा. मिंट पेनड्राइव्हवरूनच चालू होतं, हार्ड डिस्कला तुम्ही हात लावेपर्यंत ते पण लावत नाही, आणि रिस्टार्ट केलं की परत तुमचं विंडोज. फक्त त्याआधी विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून शटडाऊन करा, नाहीतर ते अर्धवट झोपलेलं राहतं आणि मिंटमधून तुमच्या ड्राइव्हवर नुसतं वाचता येतं, लिहिता येत नाही.

आता बघायचं काय, तर वायफाय जोडलं जातं का, आवाज येतो का आणि प्रिंटर! प्रिंटर नक्की तपासा, काही जुन्या लेझर प्रिंटरचे ड्रायव्हर लिनक्सवर फार छळतात. स्पीडवरून मत बनवू नका कारण पेनड्राइव्हवरून सगळं हळूच चालतं.

मराठी टायपिंगची काळजी नको, कीबोर्ड सेटिंगमध्ये इंडियनच्या यादीत देवनागरी इनस्क्रिप्ट हा कीबोर्ड आहे, उच्चाराप्रमाणे इंग्रजी अक्षरं दाबायचा मराठी फोनेटिकपण आहे, पत्रं लिहायला वर्डसारखं लिब्रे ऑफिस आधीच टाकलेलं असतं. पण जुनी पत्रं श्रीलिपीसारख्या बिगर-युनिकोड (सगळीकडे सारखे न दिसणाऱ्या जुन्या पद्धतीच्या) फाँटमध्ये असतील तर तिथे नुसती अगम्य अक्षरं दिसतील, ती विंडोज आहे तोवर युनिकोडमध्ये करून घ्या. हे काम कंटाळवाणं आहे पण कधीतरी करावंच लागणार होतं.

सगळं जमलं तर मग इन्स्टॉल. आधी फोटोंचा बॅकअप बाहेरच्या डिस्कवर, याला पर्याय नाही. इन्स्टॉल करताना विंडोजच्या शेजारी टाकायचा पर्याय निवडा, डिस्क इरेज करायचा चुकून निवडलात तर सगळं जाईल. आणि साधी हार्ड डिस्क असेल तर तिच्या जागी छोटी एसएसडी (जास्त वेगवान डिस्क) टाका, नवीन पीसीच्या मानाने खर्च किरकोळ आणि फरक जाणवण्यासारखा पडतो.

राहिलं टॅली, ते लिनक्ससाठी येत नाही. वाईन या विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर खटपट करतात लोक, पण हिशोबाच्या कामाला मी ते सुचवणार नाही, टॅलीपुरतं विंडोज ठेवा आणि बँकेची कामं, मेल, मुलीचं नेट हे सगळं मिंटमध्ये करा.